कडेवरची अक्षरं

तिन्ही पदकं प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड गुंडाळून आली होती. पणजोबांच्या धाकट्या भावाची. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, सहावी (पुणे) डिव्हिजन. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत तो कोवळा शिपाई पडला. घरच्यांची मागणी एकच : "दादा, चकाचक करून द्या, गावच्या कार्यक्रमात मांडायचीत."

नेमकं तेच करायचं नसतं. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल रबरातल्या गंधकानं काळं पडलं होतं. पीव्हीसीच्या पिशवीत ओल कोंडून १९१४-१५ स्टार आणि व्हिक्टरी मेडल कळकली होती. ताऱ्यावर नाव मागच्या सपाट बाजूला असतं, गोल पदकांवर कडेला. ही अक्षरं फार उथळ. पितांबरी, चिंच, ब्रासो, काहीही लावून घासलं की दर खेपेला थोडी झिजतात. व्हिक्टरी मेडलवर पलटणीचं नाव जवळजवळ बुजलं होतं. टॉर्च कडेला अगदी आडवा धरला तेव्हा सावल्या पडून पलटणीचा नंबर वाचता आला, आणि त्याच उजेडात फोटो घेतले.

मग नायट्राइलचे हातमोजे, मऊ ब्रशनं धूळ, हिरव्या डागांवर लाकडी टूथपिक. सुई किंवा ब्लेड कधीच नाही. तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढला, पण आधी फिती सोडवून. जुन्या फितींचा रंग ओलाव्यानं फुटतो, म्हणून त्या धुवायच्या नाहीत. शेवटी धातूला हवा-ओल लागू न देणाऱ्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. चांदीचा काळेपणा तसाच ठेवला. नव्या फिती घेताना लोक सगळ्या एकाच मापाच्या आणतात. व्हिक्टरीची ३९ मिलिमीटर रुंद असते, बाकी दोन्हींची ३२.

एवढा जीव त्या कडेवर का, हे घरच्यांना सांगावं लागलं. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण तिथे हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा आहे. नावं कागदी यादीत राहिली. या घरात त्याचं नाव धातूवर उरलंय ते या तीन पदकांवरच.

म्हणून मांडणीसाठी काचेखाली आरशाची तिरपी पट्टी बसवून दिली, म्हणजे पदक न उचलता कड वाचता येते. सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात ती बदलायची.