चिखलात चालते, डांबरावर अडते

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. गॅरेजमध्ये सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. छाटणी-फवारणीच्या धबडग्यातून मोकळे झाले की जीप काढायची आणि नदीपात्रात नाहीतर रामशेजच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर घालायची, हा त्यांचा नाद. जीप जुनी महिंद्रा, डिझेल, तिसऱ्या मालकाची. पाटे वाढवून, शॅकल लांब करून चारेक इंच उचललेली, खाली 33 इंची टायर. फोनवर म्हणाले, "मिस्तरी, मागच्या हाऊसिंगला लॉकर टाकायचाय, अन् क्रॉस एकदम भारीतले. बजेटचं बोलूच नका." हाऊसिंग म्हणजे एक्सलचं लोखंडी घर, लॉकर दोन्ही चाकांना एकत्र जखडतो, आणि क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा. बजेटचं बोलू नका म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी जरा सावध होतो. तुटलेल्या वस्तूच्या जागी भारीतली वस्तू टाकली की ती टिकते आणि तिच्या शेजारची तुटते. मूळ वस्तू का तुटली ते मात्र तसंच राहतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडसमोर जीप आली ती चालत नाही, गाडीवर लादून. आदल्या संध्याकाळी नदीतून वर काढली, फोर-व्हीलचा दांडा सोडवायला गेले तर सुटेना. तसेच डांबरी रस्त्याला लागले. थोडं अंतर गेल्यावर जीप कण्हायला लागली, वळणावर तर ढकलल्यासारखी सरळच जायला बघू लागली. नशीब, तिथेच थांबले. आधी दोनदा पुढच्या शाफ्टचे क्रॉस गेले होते, एकदा हब, म्हणजे पुढचं चाक एक्सलला जोडणारा-सोडवणारा खटका. दर वेळी कुणीतरी नवा क्रॉस ठोकून, ग्रीस मारून गाडी परत दिलेली.

फ्री-व्हील हब हातानं सोडवायला गेलो तर डायल हलेना. पक्कड लावायला पोऱ्या पुढे झाला, त्याला मागे खेचला. हब गंजलेला नव्हता, त्यावर ताण होता. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. पुढच्या डाव्या बाजूला एक्सलखाली जॅक लावला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. टायर जमिनीवरून सुटायला कागदाएवढं अंतर राहिलं असेल, तेवढ्यात 'धप्प' आवाज झाला आणि चाक आपणहून उलटं फिरलं. चांगला अर्धा फेरा. भाऊसाहेब पानाची पिचकारी टाकायला निघाले होते, ते तिथेच थबकले. मी आत जाऊन दांडा ओढला, तो दोन बोटांनी सुटला.

चाक उलटं फिरलं याचा अर्थ रस्ता पुढच्या चाकांना जितकं फिरवत होता तितकं शाफ्ट त्यांना फिरू देत नव्हता. तो सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांत साठला होता. या जुन्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं फोर-व्हील लावायच्या गाड्यांत ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते, दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरेन्शियल मध्ये नसतं. म्हणून डांबरावर वळताना थोडा पीळ प्रत्येकच गाडीत येतो. पण सरळ रस्त्यावर, एवढ्याशा अंतरात, इतका? त्याला कारण वेगळं हवं.

खडू घेतला. मागचं एक चाक ठोकळ्यात जखडलं, दुसरं उचललं, ट्रान्सफर केस न्यूट्रलला. शाफ्टवर एक रेघ, टायरवर एक रेघ. एक चाक अडवलेलं असलं की दुसरं दोन फेरे फिरवायचं, म्हणजे शाफ्टचे फेरे थेट रेश्योएवढे होतात. रेश्यो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. पोऱ्या चाक फिरवत होता, मी जमिनीवर आडवा पडून मोजत होतो. चार पुरे झाले, पाचवा पुरा व्हायला थोडा कमी पडला. 4.88. मग तेच पुढे. इथे पाच झाले आणि रेघ थांबायचं नाव घेईना, वर तिसऱ्या भागापेक्षा थोडी जास्तच गेली. पोऱ्याला म्हटलं, "परत फिरव." पुन्हा तेच.

दोन्ही हाऊसिंगची झाकणं खोलली. मागच्या क्राऊनला, म्हणजे चाकांकडच्या मोठ्या चक्राला, 39 दात, शाफ्टकडच्या छोट्या पिनियनला 8. पुढच्या क्राऊनच्या कडेला 43 आणि 8 ठोकलेलं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे 5.38, जुन्या पेट्रोल जीपचा रेश्यो. आधीच्या कुठल्या तरी मालकाने पुढचं अख्खं हाऊसिंग भंगारातल्या जीपचं आणून बसवलेलं असणार. बाहेरून बघितलं तर कुणालाही फरक कळणार नाही. पुढच्या तेलात चांदीसारखी भुकटी चमकत होती. बोटांवर चोळली तर कचकच लागली.

भाऊसाहेबांना मी असं सांगितलं. मागची चाकं 100 फूट गेली, तर शाफ्टच्या हिशेबानं पुढच्यांना 91 फूटच जायचं असतं. चिखलात, वाळूत उरलेलं अंतर टायर घसरून भरून काढतात, म्हणून नदीत तुम्हाला काही कळत नव्हतं. डांबरावर आणि खडकावर टायर घसरत नाहीत, मग क्रॉस तुटतो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे बैलजोडीत एक बैल रोज नऊ पावलं टाकायचा अन् दुसरा दहा?" तसंच. "अन् मी दोन वर्षं क्रॉसच्या नावानं बोंबलतोय!"

आता प्रश्न होता कुठला बदलायचा. मागचं 5.38 करायचं की पुढचं 4.88. बाजारात 4.88 सहज मिळतो, पण माझं मत टायरमुळे दुसरीकडे झुकलं. या जीपला मूळ टायर 6.00-16 चे, साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच. 33 इंची टायर घातला की 4.88 चा रेश्यो चाकाशी जणू 4.2 होतो. इंजिन बिचारं तेच. म्हणूनच भाऊसाहेबांना चढावर क्लच घासत जावं लागत होतं आणि पाचेक हजार किलोमीटरमध्ये क्लच प्लेट बदलावी लागली होती. 5.38 घातला तर हिशेब 4.6 च्या वर येतो, मूळच्या बराच जवळ. लो-रेंजमध्ये, म्हणजे सावकाश पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, तर फरक पायाला कळतो, क्लच न दाबता गाडी दगडावरून रांगते. तोटाही सांगितला. तेवढ्याच व्यासाच्या क्राऊनमध्ये 43 दात बसवायचे म्हणजे दात बारीक. हळू जायचं, चाक हवेत असताना रेस द्यायची नाही. लॉकरचं नंतर बघू म्हटलं. दोन टोकं जुळत नसताना लॉकर टाकणं म्हणजे तुटायची जागा ट्रान्सफर केसकडे सरकवणं.

दुसरं दुखणं दुपारी सापडलं. 40 च्या पुढे बुडाखाली थरथर होते असं ते मघाशी म्हणाले होते, ते मी डोक्यात ठेवलं होतं. मागच्या पाट्यांखाली पाचर मारून कुणीतरी पिनियन वर वळवलेला होता, थेट ट्रान्सफर केसकडे तोंड करून. हे एका टोकाला जोड-क्रॉस असलेल्या डबल कार्डन शाफ्टला योग्य आहे. इथे मात्र दोन साध्या क्रॉसचा शाफ्ट होता. अँगल गेज लावला. ट्रान्सफर केसचं आउटपुट मागे 4 अंश झुकलेलं, शाफ्ट 17, पिनियन 15. म्हणजे पुढच्या क्रॉसवर 13 अंशांचा कोन आणि मागच्यावर फक्त 2. साधा क्रॉस कोनात फिरला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा शाफ्टचा वेग कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असला तरच ते फिटतं. पाचर काढली, पिनियन आउटपुटला समांतर केला, दोन्हीकडे 13. हा कोनही हायवेला जास्तच आहे, पण ही जीप साठच्या वर पळतेच कुठे! शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का तेही पाहिलं. शाफ्टचे दोन तुकडे जोडणारी खाचांची स्प्लाइन एक दात सरकून बसलेली होती. अशी बारीक चूक माणूस घाईत करतो, मी तिला माफ करतो. पाचर मात्र मला पटली नाही, ती विचार करून मारलेली होती.

भाऊसाहेबांनी मुंबईच्या कुर्ल्यापासून हरियाणातल्या डबवालीपर्यंत फोन लावले. मागच्या हाऊसिंगचा 5.38 चा सेट मिळायला पंधरवडा गेला. आला तो वापरलेला, पण दात सरळ. क्राऊन ज्यावर बसतो तो केज तोच चालला, 4.88 आणि 5.38 ला या हाऊसिंगमध्ये केज बदलावा लागत नाही. बसवायला मी आमच्या मामांना बोलावलं. कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर आहेत, हात अजून स्थिर. पिनियनखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, दोनदा काढून घातले. निळा रंग लावून क्राऊन फिरवला तेव्हा छाप दाताच्या टोकाकडे पडली, मामांनी नुसती मान हलवली. शिम बदलून पुन्हा. छाप दाताच्या मध्यावर आली आणि डायल गेजवर दातांमधली 0.20 मिलिमीटर चाल दिसली तेव्हा ते बिडी प्यायला बाहेर गेले. 0.15 ते 0.25 मध्ये बसलं की झालं.

कागदाचं मी भाऊसाहेबांना आधीच सांगून ठेवलेलं आहे. कारखान्याच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वरून सांगितलं आहे. गाडी उचलून मोठे टायर घातले की विमा कंपनीही बोट दाखवते. भाऊसाहेब आता जीप ट्रॉलीवर नेतात, मैदानात उतरवतात. असं करणारे फार थोडे आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे ऐकवतो. ऐकतात किती तो भाग वेगळा.

चाचणी रामशेजच्या वाटेवर झाली. दगडांवर लो-रेंज पहिल्या गिअरमध्ये भाऊसाहेबांनी पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. कच्ची वाट संपून डांबर सुरू व्हायच्या आत मी दांडा टू-व्हीलला घ्यायला सांगितला, सुटला. थरथरही गेली होती, फक्त स्पीडोमीटर आता गाडी जाते त्याहून जास्त दाखवतोय की कमी याचा हिशेब त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर लावला.

लॉकरचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकली की जीप पुन्हा आणतो म्हणालेत. मी अट घातली आहे. आधी पुढच्या शाफ्टचा स्लिप जॉइंट, म्हणजे सरकता सांधा, लांब करायचा आणि एक्सलला लिमिट पट्टे लावायचे, कारण चाक पूर्ण खाली लटकलं की स्लिपमध्ये आता जेमतेम दोन बोटं स्प्लाइन उरते. लॉकर त्यानंतर. "बजेटचं बोलू नका" हे वाक्य या वेळी त्यांनी म्हटलं नाही, उलट क्रॉस कितीला पडेल ते विचारलं.