मे महिन्यातली चादर

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातून केक सजवून विकण्याचे काम मी २०२३ च्या मार्चमध्ये सुरू केले. वाढदिवसाचे अर्धा-एक किलोचे केक करता करता दोन महिने गेले आणि मे महिन्यातल्या एका रविवारसाठी मला पहिल्यांदाच दोन टिअरच्या, म्हणजे दुमजली केकची ऑर्डर मिळाली. क्लासमध्ये मी सहा आठवडे घालवले होते आणि आयसिंग सफाईदार येत होते, त्यामुळे आपल्याला काम येते असा माझा समज होता. त्या रविवारी दुपारी तीन ते सात या चार तासांत तो समज किती अपुरा आहे हे कळले.

सुरुवातीची तयारी मी मन लावून केली होती. ओव्हन घरात होताच. त्यात फिरते स्टँड, पॅलेट नाइफ, स्क्रॅपर, नोझलचा संच आणि बरा बीटर यांची भर घातली. अन्न व्यवसायाची नोंदणीही पहिल्याच महिन्यात केली. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरत होती, तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये होते आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येत होता. तो १४ आकडी क्रमांक खोक्यावर छापला की गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो, हे मी अनुभवाने सांगते. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीने एवढे तरी करावे असे मला मनापासून वाटते, कारण लोक आपल्या हातचे लहान मुलांना भरवतात.

ऑर्डर पूर्व भागातल्या एका विणकर घराण्यातल्या सूनबाईंची होती. सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. तेलुगू घरांत आजोबांना ‘तात’ म्हणतात, त्यामुळे घरातले सगळेच त्यांना तात म्हणत. तातांनी चाळीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणल्या होत्या, म्हणून केकवरून चादर ओघळलेली दिसावी, पांढरी जमीन आणि त्यावर मरून नक्षी असावी, अशी सूनबाईंची इच्छा होती. तात माळकरी असल्याने अंडे चालणार नव्हते. चादरीसाठी लागणार होते फॉन्डंट, म्हणजे कणकेसारखे मळून पोळीसारखे लाटायचे साखरेचे पीठ. पुष्कळशा फॉन्डंटमध्ये जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनते, त्यामुळे हिरवा ठिपका पाहून बिनजिलेटिनचे फॉन्डंट मी शोधून आणले. मग त्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, “ताई, केक मात्र आतून-बाहेरून क्रीमचाच करा. तातांना ते गोड पीठ नुसतं आवडत नाही. वरती फक्त चादर तेवढी त्याची.” मी लगेच हो म्हटले. चार किलोचा केक, ९०० रुपये किलोचा भाव, ३,६०० रुपयांपैकी १,८०० आगाऊ, असे ठरले.

तिथेच माझी चूक झाली. व्हिपिंग क्रीममध्ये पाण्याचा अंश मोठा असतो आणि फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर. साखर ओलावा ओढून घेते, म्हणून क्रीमला टेकलेले फॉन्डंट काही तासांत ओलसर, मग चिकट होते आणि शेवटी स्वतःच्याच वजनाने फाटते. केकवर ठेवायचे एखादे फूल किंवा फुलपाखरू आयत्या वेळी ठेवले तर निभावते. आख्खी चादर पांघरायची असेल तर तिच्याखाली गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण) किंवा बटरक्रीम असा कमी पाण्याचा थर लागतो. ही गोष्ट मी क्लासच्या वहीत लिहून घेतलेली होती. पण पहिली मोठी ऑर्डर हातची जाईल या भीतीने मी ती वही उघडून पाहिली नाही आणि वहिनींना ‘हे असे होणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही मला झाले नाही.

शुक्रवारी स्पंज भाजले, गार करून गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. शनिवारी थर लावले, खालचा दहा इंची आणि वरचा सात इंची केक क्रीमने झाकून पुन्हा थंड केले. रात्री फॉन्डंट लाटून त्यावर जेल रंग पातळ करून बारीक ब्रशने चादरीची नक्षी रंगवली. समोर आमच्या घरातली चादर पसरून ठेवली होती आणि तिच्यातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटी एकेक मोजत मी रात्री दीडपर्यंत बसले होते. रविवारी सकाळी ती चादर वरच्या केकवर पांघरली, एक कोपरा मुद्दाम जरासा उलटा दुमडला आणि केक फ्रीजमध्ये सरकवला. केक इतका देखणा दिसत होता की माझ्या सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवला.

तीन वाजता आभाळ भरून आले. मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या आसपास असतो, हवा कोरडी ठाक असते, आणि मग एखाद्या दुपारी वळीव येतो. वारा सुटला, टपोरे थेंब पडले आणि वीज गेली. सजावट शेवटची तपासावी म्हणून मी वरचा केक ओट्यावर काढून ठेवला होता. पावसाने दमट झालेल्या हवेत त्या थंड केकवर पाहता पाहता दव धरले. प्रथम चादर नुसती चकाकू लागली. मग मरून चौकटींच्या कडा पसरल्या, त्यांतून गुलाबी ओघळ निघाले आणि पांढऱ्या जमिनीवरून खाली उतरले. बोट लावले तर फॉन्डंट बोटाला चिकटून वर आले. आतल्या बाजूनेही ते ओले झाले होते, कारण सकाळपासून क्रीम आपले काम करतच होते. दुमडलेला कोपरा फाटून ओट्यावर पडला तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले होते. सात वाजता मंगल कार्यालयात केक पोचवायचा होता.

पाच मिनिटे मी काहीच केले नाही, खुर्चीवर बसून राहिले. मग पहिला फोन वहिनींना केला. चादर बिघडली आहे, चूक माझी आहे, वरच्या केकला क्रीमऐवजी पांढऱ्या चॉकलेटचा थर द्यावा लागेल, खालचा केक मात्र पूर्ण क्रीमचाच राहील आणि तातांना त्यातलाच तुकडा द्या, असे सगळे सरळ सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “वेळेवर आणा ताई, बाकी बघू.” त्या एका वाक्याने माझे हात पुन्हा चालू लागले.

गनाशला विजेची गरज नसते. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर ६०० ग्रॅम व्हाइट कंपाउंड, म्हणजे केकसाठीचे पांढरे चॉकलेट, आणि २०० ग्रॅम क्रीम वितळवले. उन्हाळ्यात प्रमाण निदान तीनास एक इतके तरी घट्ट लागते. पण ते गार कशाने करायचे? फ्रीज बंद होता आणि खालचा केक वाचवायचा तर त्याचे दार उघडायचे नाही, असे मी ठरवले होते. भरलेला फ्रीज दार न उघडता दोन-तीन तास थंडी धरून ठेवतो. माझा पुतण्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवर धावला. पावसामुळे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्या काकांनी भुसा लावून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी तशीच देऊन टाकली आणि पैसेही नंतर द्या म्हणाले. बर्फ घमेल्यात फोडून त्यात गनाशचे भांडे बसवले आणि लाकडी चमच्याने हळूहळू फिरवत राहिले. कडेने घट्ट होत जाणारे गनाश सतत आत ओढावे लागते, नाहीतर गाठी होतात. शेंगदाण्याच्या कुटाच्या लाडवाचे मिश्रण जसे आधी सैल वाटते आणि मग एकदम चमच्याला धरते, तसे ते एका क्षणी धरले.

वरच्या केकवरचे सगळे क्रीम आणि ती रंग ओघळलेली चादर खरवडून काढली. रात्री दीडपर्यंत रंगवलेली नक्षी कचऱ्याच्या डब्यात टाकताना जीव तुटला, हे लपवत नाही. गनाशचे दोन थर दिले आणि प्रत्येक थरानंतर केक खोक्यात घालून ते खोके बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवले. पृष्ठभाग नखाने दाबला तरी खळगा पडेना तेव्हा पाच वाजून गेले होते.

आता चादर. रंगवायला वेळ नव्हता आणि ओल्या रंगावर माझा विश्वासही उरला नव्हता. झालरीसाठी आदल्या दिवशी मळून ठेवलेला मरून फॉन्डंटचा गोळा शिल्लक होता. रंग रात्रभरात पिठात मुरला होता, त्यामुळे तो हाताला लागत नव्हता. पांढऱ्या फॉन्डंटची पोळी जाडसर लाटली, मरूनच्या बारीक पट्ट्या आणि चौकटी कापून तिच्यावर मांडल्या आणि कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने लाटणे फिरवले. पट्ट्या पोळीत दबून एकजीव झाल्या. आदल्या रात्रीइतकी बारीक नक्षी नव्हती, पण कडा स्वच्छ होत्या आणि मला ती अधिक विणल्यासारखी वाटली. सासूबाई मेणबत्ती धरून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “घाई करू नकोस, कोपरा सावकाश दुमड.”

सव्वासहाला निघालो. खालच्या केकमध्ये त्याच्या उंचीइतक्या कापलेल्या पाच जाड स्ट्रॉ मी आधीच रोवल्या होत्या. वरच्या दीड किलोचा भार क्रीम आणि स्पंजवर न येता या स्ट्रॉंवर यावा यासाठी त्या असतात. दोन्ही केक वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीच्या पुढच्या सीटसमोर पायाशी सपाट जागी ठेवले. पुतण्याने एसी पूर्ण सोडला आणि पाणी साचलेल्या रस्त्यांवरून पंधरा-वीसच्या वेगाने गाडी चालवली. कार्यालयात पोचल्यावर स्टेजवरच एकावर एक केक रचले, कडेने क्रीमची नक्षी काढून जोड झाकला आणि सातला दहा मिनिटे असताना मी बाजूला झाले.

तात पांढऱ्या सदऱ्यात आले. सुरी हातात घेण्याआधी ते केकजवळ वाकले आणि चष्मा वर सारून बराच वेळ चादर पाहत राहिले. ताणा आणि बाणा मोजताहेत असे मला वाटले. मग त्यांनी ‘ही कुणी केली’ म्हणून विचारले आणि वहिनींनी मला पुढे बोलावले. सत्कारात मिळालेली चादर त्यांच्या खांद्यावर होती. तिचा कोपरा माझ्यासमोर उलटा करून ते म्हणाले, “पोरी, नक्षी बरोबर बसलीय. पण तुझा कोपरा आतून कोरा आहे. आपल्या चादरीला उलटी बाजू नसते. आतून बघ, तीच नक्षी, नुसते रंग पालटलेत.” खरेच, बाहेर जिथे पांढरी जमीन होती तिथे आत मरून होती आणि मरून चौकट आत पांढरी झाली होती. आदल्या रात्री ती चादर चार तास डोळ्यांसमोर होती, पण मी तिचा कोपरा एकदाही उलटून पाहिला नव्हता.

त्यांनी केक खालच्या टिअरपासून कापला, क्रीमचा तुकडा खाल्ला आणि नातवंडांना वरच्या चादरीला हात लावू दिला नाही. वहिनींनी उरलेले १,८०० रुपये दिले. वाया गेलेल्या क्रीमचे आणि वाढीव चॉकलेटचे पैसे मी मागितले नाहीत, कारण ती माझ्या चुकीची किंमत होती. घरी येऊन रात्री हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की ९०० रुपयांच्या भावात मी माझे तास कधी धरलेच नव्हते. या केकला चौदा तासांहून अधिक लागले होते. दुसऱ्या दिवशी नवे दरपत्रक केले: सजावटीचे तास वेगळे लावले आणि कार्यक्रमाची जागा, वेळ, तिथे एसी आहे की नाही, हे प्रश्न ऑर्डरच्या कागदावर सर्वांत वर घेतले. क्रीमवर फॉन्डंटचे आवरण मिळणार नाही, हेही ठळक लिहिले.

संध्याकाळी रसवंतीच्या काकांचे पैसे देऊन आले आणि उरलेले फॉन्डंट काढून बसले. एक पांढरी आणि एक मरून अशा दोन पातळ पोळ्या लाटल्या, एकीवर मरून पट्ट्या दाबल्या, दुसरीवर नेमक्या त्याच जागी पांढऱ्या, आणि पाण्याचे बोट फिरवून दोघींच्या कोऱ्या बाजू एकमेकींवर चिकटवल्या. पहिल्यांदा नक्षी अर्ध्या इंचाने सरकली, दुसऱ्यांदा पोळी फाटली. तिसऱ्या वेळी कोपरा दुमडला तेव्हा आत तीच चौकट आली, रंग पालटून.