निकेलच्या टाकीतले लोखंड

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचा निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे आणि नाशिकला घरी आलो की माझी एक दुपार तिथे जातेच. या खेपेस मी पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याच्या कामात निकेलच वापरतो हे ऐकून काकांनी विचारले, "मग टाकीत लोखंड उतरले, तर तू काय करतोस?"

माझ्या संशोधनाच्या मर्मावर बोट ठेवणारा हा प्रश्न होता. काकांच्या टाकीत लोखंड साठले की मुलाम्यावर बारीक खड्डे पडतात आणि थर ठिसूळ होतो, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, सामू वाढवून, लोखंडाचा साका गाळून काढावा लागतो. माझ्या टाकीत नेमके उलटे घडते.

पाण्याचे विघटन करायला सिद्धान्तानुसार १.२३ व्होल्ट पुरेसे असतात, परंतु प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक द्यावे लागतात, आणि या जादा व्होल्टेजचा मोठा वाटा धनाग्रावर ऑक्सिजन तयार होताना खर्ची पडतो. तो खर्च कमी करणारा पदार्थ म्हणजे विद्युत-उत्प्रेरक. आम्लयुक्त माध्यमात हे काम इरिडियमसारखा अतिशय दुर्मीळ धातू करतो, तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वस्त निकेल चालते. मात्र द्रावणातून आलेल्या लोखंडाच्या अत्यल्प अंशानेही निकेलची कामगिरी सुधारते, हे संशोधक कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवले होते. पुढे २०१४ मध्ये ऑरेगन विद्यापीठातील संशोधकांनी लोखंड काटेकोरपणे काढून टाकले, तेव्हा शुद्ध निकेल या कामी फारच दुबळे ठरले.

उत्प्रेरक शोधताना मी मशीन लर्निंगही, म्हणजे नोंदींवरून संगणकाला अंदाज करायला शिकवण्याची पद्धत, वापरतो. ते यात कुठे येते? उत्प्रेरकाने रेणूला फार घट्टही धरू नये आणि फार सैलही नाही, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबातिए यांचे जुने तत्त्व आहे. ही पकड डेन्सिटी फंक्शनल थिअरी या क्वांटम गणिताच्या पद्धतीने मोजता येते, पण एकेका पृष्ठभागासाठी संगणक तासन् तास, कधी काही दिवसही राबतो. २०२० मध्ये खुल्या झालेल्या ओपन कॅटॅलिस्ट संचात अशी सुमारे १२.८ लाख उदाहरणे आहेत. त्यांवर शिकलेले प्रारूप (मॉडेल) तोच अंदाज क्षणात देते. लाखो मिश्रधातूंतून मोजकेच प्रयोगशाळेत न्यावेत, एवढी चाळणी त्यामुळे शक्य झाली, आणि मला हे खरोखर मोठे पाऊल वाटते. परंतु त्या गणितातले पृष्ठभाग नीटनेटके, स्फटिकासारखे सुव्यवस्थित असतात. द्रावणाच्या बाटलीतून अशुद्धी म्हणून आलेले लोखंड त्यांत नसते.

म्हणून मी प्रत्यक्ष प्रयोगांच्या नोंदींवर स्वतःचे प्रारूप शिकवले आणि तिथेच चूक केली. निकेलचा थर कसा बनवला, किती तापवला, किती जाड होता, हे सारे तक्त्यात होते. द्रावण किती शुद्ध होते, हा रकानाच नव्हता. प्रारूपाने सगळे श्रेय तापवण्याच्या पद्धतीला दिले. नव्या बाटलीतले द्रावण वापरले तेव्हा त्याचे अंदाज कोसळले आणि कारण शोधण्यात माझे अनेक महिने गेले.

हे सांगितल्यावर काकांनी कपाटातून लांब वही काढली. टाकीचे तापमान, करंट, कोणत्या दिवशी काय घातले, आणि प्रत्येक नापास जॉबपुढे त्याचे कारण. "चांगला जॉब गिऱ्हाईक घेऊन जाते, वाईट तेवढा आपल्याकडे राहतो, म्हणून तो आधी लिहायचा," ते म्हणाले. आमच्या शोधनिबंधांत असे नापास नमुने क्वचितच छापले जातात, आणि त्यामुळे प्रारूपाला अपयश कसे दिसते हे शिकायलाच मिळत नाही. मला ही उणीव संगणकाच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

आता मी प्रत्येक नमुना दोनदा मोजतो: एकदा बाटलीतल्या द्रावणात, आणि एकदा शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडबरोबर घुसळून लोखंड काढलेल्या द्रावणात. तक्त्यात बाटलीच्या बॅच क्रमांकाचा आणि नापास होण्याच्या कारणाचा रकाना आला आहे. पुढच्या खेपेस काकांना दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून दाखवणार आहे.