सरांचा प्रश्न आणि लोह पकडणारे जिवाणू

शाळेने काय दिलं, असं स्मरणिकेच्या संपादकांनी विचारलंय. मला शाळेने एक प्रश्न दिला आणि आज माझं पोट त्याच्यावरच चालतं. नववीत विज्ञानाच्या सरांनी शाळेमागच्या उसावरचा केवडा रोग दाखवला होता. कोवळी पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. "जमिनीत लोह भरपूर आहे, मग ऊस उपाशी का?" एवढं विचारून सर पुढच्या धड्याकडे वळले. उत्तर न सांगायची त्यांना खोडच होती.

चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण गंजाच्या रूपात. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून उसाला आपण हिराकस, म्हणजे लोहाचं विरघळणारं मीठ, फवारतो. मातीतले जिवाणू मात्र आपली सोय आपणच बघतात. लोहाची चणचण भासली की ते सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू तयार करून बाहेर सोडतात. हा रेणू लोहाला कवेत घेतो आणि जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांतून आत जातो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा एंटेरोबॅक्टिन हा सिडेरोफोर तर ऑक्सिजनच्या सहा अणूंनी लोह असं आवळतो, की आत गेल्यावर ते सोडवायला तो रेणूच तोडावा लागतो. एवढ्या खटपटीने बनवलेली वस्तू एकदाच वापरायची! मला ही उधळपट्टी वाटायची. पण लोहावाचून जिवाणूची वाढच खुंटते, तिथे काटकसर कसली?

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. श्विन आणि नीलँड्स यांनी 1987 मध्ये सुचवलेल्या निळ्या आगरावर (जेलीसारख्या थरावर) जिवाणू वाढवायचे. निळा रंग लोहाला धरून असतो. सिडेरोफोरने ते हिसकावलं की वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटतं. भांडी मात्र आधी आम्लाने धुवावी लागतात. काचेला चिकटलेलं कणभर लोहही जिवाणूंना पुरतं, मग ते कशाला कष्ट घेतील? माझी निम्मी नोकरी भांडी धुण्यात गेली, असं घरचे म्हणतात.

स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या मातीतल्या जिवाणूच्या सिडेरोफोरपासून डेफेरॉक्सामिन हे औषध आलं. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं, त्यातून शरीरात साठणारं जादा लोह ते लघवी-शौचावाटे बाहेर काढतं. पूर्वी त्यासाठी मुलांना रात्रभर त्वचेखाली सुई लावून पंपाला जोडून झोपावं लागे; आता काहींना गोळ्या चालतात.

महोत्सवातल्या प्रदर्शनात स्युडोमोनास फ्लोरेसन्स या जिवाणूच्या बशा मांडायचं मी कबूल केलंय. त्याचा सिडेरोफोर अतिनील दिव्याखाली पिवळट-हिरवा चमकतो. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना तेवढे जाड पडदे लावून ठेवा, आणि सरांना पुढच्या रांगेत बसवा.