धारावी डेपोसमोरचं रान

सायन स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला "महाराष्ट्र निसर्ग उद्यान" सांगितलं, तर त्याने चक्क नाही म्हणून मान हलवली. मग आत्याच पुढे झाली. "धारावी डेपो ठाऊक आहे ना? त्याच्यासमोर." हे त्याला लगेच कळलं.

गणपती उरकले होते, मला बुधवारी सुट्टी होती. आत्याला सोबत नेण्यामागे माझा स्वार्थ होता. लग्नाआधी ती माटुंगा लेबर कॅम्पात राहायची, म्हणजे ही जागा तिने कचराभूमी असताना पाहिलेली. "पाहिली कुठली," ती म्हणाली, "नाकाला पदर लावून बसमधून जायचो. खिडकीची जागा मिळाली तरी नको वाटायची." पुढे ती कल्याणला गेली. 1994 मध्ये 22 एप्रिलला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं, पण तिचं इथे येणं कधी झालंच नाही.

आत शिरल्यावर लिंक रोडचे हॉर्न मागे पडतात, थांबत मात्र नाहीत. 37 एकर जागा, एका कडेला मिठी नदी आणि पलीकडे बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसांच्या काचा. वरून तांबटाची टुकटुक चालू. हे सगळं कचऱ्यावर माती पसरून लावलेलं आहे, हे आत्याला काही केल्या पटेना. पायवाटेच्या कडेला पावसाने माती खचली होती, तिथे एका बाटलीचं तोंड डोकावत होतं. तिने चपलेच्या टोकाने ते टोकरलं. "हां, आता पटलं."

कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्गसंवर्धन संस्थेची, जागा सांभाळायला एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पहिलं झाड 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी लावलं. तेव्हा त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती, चारच वर्षांनी ते गेले. बागा मुंबईत आणखीही आहेत. पण इथे झोपाळे, कारंजी असलं काही करायचंच नव्हतं. शहरातल्या पोरांना झाडं, किडे, पक्षी हाताच्या अंतरावर दाखवायचे, एवढ्यासाठी हे रान उभं केलंय. मला हे म्हणणं आवडतं, जरी पाट्यांवरची झाडांची नावं वाचायला कुणी थांबत नसलं तरी. (मीसुद्धा दोनच वाचल्या.)

त्या दिवशी शाळेची एक सहल आली होती. धारावीतलीच मुलं, दोघादोघांच्या रांगेत. रुईच्या झुडपापाशी रांग मोडली. पानाच्या खालच्या बाजूला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी होती, प्लेन टायगर फुलपाखराची. माहिती सांगणाऱ्या ताईंनी पान अलगद उलटं धरलं.

"चावते का ओ?"

"तुला नाही. पानाला. नीट बघ, आधी कुठे चावलीये?"

अळीने आधी पानाची जाड शीर कुरतडली होती. चीक तिथेच गळून जातो, मग पुढचं पान तिला निवांत खाता येतं. तरी थोडा चीक पोटात जातोच. त्यातलं विष अंगात साठतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. चिकाचा एक पांढरा थेंब शिरेवर वाळून चिकटला होता. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. आत्याही त्यांच्यात घुसली आणि एका मुलीला म्हणाली, "अगं, जरा सरक की, मला दिसू दे."

नंतर आम्ही मिठीच्या बाजूला गेलो. खारफुटी, ओहोटीचा काळा चिखल, त्यात अडकलेल्या पिशव्या. वाऱ्याची दिशा बदलली, तसा आत्याने पदर नाकाला लावला.

"हा वास तोच आहे बघ," ती म्हणाली. मग पदर तसाच धरून कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. शेवटी मलाच म्हणावं लागलं, आत्या, चल, भूक लागलीये.