तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रं इतकी धूसर का?

पातळ चुंबकीय थरांची मी काढलेली चित्रं पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. अणू दाखवू शकणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी असताना चित्रं अशी धूसर का? करड्या पार्श्वभूमीवर एक पांढरी रेघ, थोड्या अंतरावर एक काळी, बाकी काही नाही.

ती मुद्दाम धूसर काढलेली आहेत. फोकस अचूक जुळवला की त्या रेघा नाहीशा होतात.

मी ज्या थरांवर काम करते ते लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट या ऑक्साइडचे असतात, जाडी जेमतेम 20-30 नॅनोमीटर. थरात डोमेन असतात, म्हणजे आतलं चुंबकन (चुंबकत्वाचा रोख) एकाच दिशेला असलेले छोटे भाग. एका डोमेनमधलं चुंबकन एका दिशेला, शेजारच्यातलं दुसऱ्या दिशेला. थरातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला एक डोमेन डावीकडे ढकलतं, तर शेजारचं उजवीकडे. एका सीमेखाली दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन एकत्र येतात आणि पांढरी रेघ उमटते. पुढच्या सीमेखाली ते एकमेकांपासून दूर जातात, तिथे काळी. पण थरातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनची फक्त दिशा बदललेली असते, जागा नाही. हा बदलही किती? 200 किलोव्होल्टला रेडियनचा साधारण एक लक्षांश. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर एक सेंटीमीटर! तो दिसावा म्हणून थराऐवजी त्याच्या खाली किंवा वर, कधीकधी मिलिमीटरभर अंतरावर, फोकस धरावा लागतो. खालून वर गेलं की काळ्या-पांढऱ्या रेघांची अदलाबदल होते. म्हणून मी नेहमी तीन चित्रं शेजारी-शेजारी ठेवते. मधल्या, फोकसमधल्या चित्रात भिंती, म्हणजे डोमेनमधल्या या सीमा, दिसत नाहीत.

दुसरी अडचण मुख्य लेन्सची. तिचं चुंबकीय क्षेत्र नमुन्यापाशी सुमारे 2 टेस्ला असतं, आणि एवढ्या क्षेत्रात सगळी डोमेन एकाच दिशेला वळून पुसली जातात. म्हणून ती बंद करून कमी ताकदीची लॉरेंट्झ लेन्स वापरायची आणि अणू पाहण्यावर पाणी सोडायचं. (टोकियोतल्या संशोधकांनी नमुना क्षेत्रमुक्त ठेवणारा मायक्रोस्कोप बांधून 2022 मध्ये हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडमधलं चुंबकीय क्षेत्र अणूंच्या पातळीवर टिपलं. ती चित्रं मी कितीतरी वेळ पाहत बसले होते.)

मला मात्र धूसरपणापेक्षा वेगळीच काळजी असते. दिसलेली रेघ चुंबकीयच आहे का? पातळ केलेला नमुना किंचित वाकतो आणि त्या वाकण्याच्याही काळ्या रेघा दिसतात. सुरुवातीला मी अशा एका रेघेला दोन दिवस डोमेनची भिंत समजत होते. नमुना थोडा कलता केला तेव्हा ती सरकत दूर निघून गेली. तेव्हापासून प्रत्येक नमुना तापवून पाहते. माझ्या थरांचं चुंबकत्व 350 केल्विनच्या आसपास जातं, त्याबरोबर खऱ्या भिंतीही जातात. थंड केल्यावर त्या परत येतात, बहुधा दुसऱ्या जागी.

आणि हे सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो, जो मला कुणी विचारत नाही आणि विचारायला हवा. स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर वाढवलेला हा थर खालच्या स्फटिकाशी जुळवून घेताना ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चुंबकन थराच्या पातळीत राहतं. इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून तोच स्फटिक मला मागून घासून, आयनांच्या माऱ्याने झिजवून काढावा लागतो. मग ताण सैलावतो आणि भिंतींची जागाही बदलू शकते. म्हणून त्याच थराचा न कापलेला तुकडा मी कर (Kerr) मायक्रोस्कोपखाली, म्हणजे परावर्तित प्रकाशावरून चुंबकन दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, पाहते. तिथे बारकावे दिसत नाहीत, पण मोठ्या डोमेनची ठेवण कळते. दोन्ही जुळले नाहीत, तर चित्राखाली ‘थर’ असं न लिहिता ‘सुटा केलेला थर’ असं लिहिते.