पाच-तीन, आठ-पाच, तेरा-आठ: विजय अय्यर वाजवताना, नववा आठवडा

पियानोवर डावा हात आता बसायला लागलाय, म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर लिहितो.

तुकडा अजून तोच, ‘मिस्टिक ब्रू’. मूळ रचना ऑर्गनवादक रॉनी फॉस्टर यांची, 1972 ची. हिपहॉप ऐकणाऱ्यांना ती ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या सॅम्पलमुळे ओळखीची असेल. अमेरिकन जॅझ पियानोवादक विजय अय्यर यांनी 2009 मध्ये ‘हिस्टॉरिसिटी’ या अल्बमवर ती ट्रिओसाठी घेतली. बासवर स्टीफन क्रम्प, ड्रम्सवर मार्कस गिलमोर. गिलमोर म्हणजे थोर जॅझ ड्रमर रॉय हेन्स यांचे नातू, आणि त्यांच्या झांजेवरचा हात ऐकताना ते घराणं जाणवतंच.

अय्यरांनी या तुकड्यात फिबोनाचीच्या आकड्यांचा (3, 5, 8, 13, 21… प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) खेळ मांडलाय. त्यावरून मी माझा रियाज बेतला: आधी आठाचं आवर्तन पाच आणि तीन असं तोडायचं, एक लांब, एक आखूड. मग आठ आणि पाच, म्हणजे तेरा. मग तेरा आणि आठ, म्हणजे एकवीस. लांब भागाला आखूड भागाने भागलं तर पहिल्यात 1.67 येतं, दुसऱ्यात 1.6, तिसऱ्यात 1.625. आकडे वाढतात, पण प्रमाण जवळपास तेच राहतं. म्हणून आवर्तन लांबलं तरी कानाला त्याची लचक ओळखीची वाटते. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पियानो सोडून नुसता टाळ्या देत बसलो होतो.

आठ जमले. तेरावर सहा आठवडे अडलो. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायची सवय हाडात मुरलेली. मोजून वाजवलं की प्रत्येक कॉर्ड जागेवर पडायचा, चूक एकही नाही, आणि तरी ते ऐकवत नव्हतं. शेवटी ताईला बोलावलं. ती अजून रोज तबल्यावर बसते. दोन आवर्तनं ऐकून म्हणाली, “मोजू नकोस रे. रूपक वाजवताना तू सात मोजतोस का? तीनचा डौल आणि चारचा डौल, एवढंच ना?” आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.

खरा उलगडा मात्र दुसऱ्या दिवशी झाला. पाणी गेलं होतं. खालून भरलेली बादली उजव्या हातात घेऊन तीन मजले चढत होतो. ओझ्याच्या बाजूचं पाऊल रेंगाळत होतं, दुसरं झटकन पडत होतं. लांब, आखूड. लांब, आखूड. दुसऱ्या मजल्यावर थांबलो, बादली खाली ठेवली आणि डाव्या हाताचा तुकडा कठड्यावर वाजवून पाहिला. बसला!

लय मोजण्यातून येते की शरीरातून? अय्यरांचा प्रबंध नेमका याच प्रश्नावर आहे. येलला त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं, पुढे बर्कलीला भौतिकशास्त्रासाठीच गेले, पण तिथे ती वाट सोडून संगीत आणि आकलनाकडे वळले. 1998 मध्ये पीएचडी. लयीची जाण चालणं, श्वास, बोलणं या शरीराच्या हालचालींतून येते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ‘गणिती जॅझ’ असा शिक्का त्यांच्यावर बसतो, तो मला मुळीच पटत नाही. गणित आहे, पण ते पायांत उतरलेलं आहे. तिसऱ्या वर्षापासून व्हायोलिन शिकलेले अय्यर पियानो बहुतांशी स्वतःच, कानाने शिकले, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

पुढचे टप्पे बहुतेकांना ठाऊक आहेत: सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्यासोबतची वर्षं, 2013 ची मॅकआर्थर फेलोशिप, 2014 पासून हार्वर्डला प्राध्यापकी.

ताईला त्याच संध्याकाळी ‘तीर्थ’ ऐकवलं. अय्यरांचा 2011 चा अल्बम, गिटारवर प्रसन्ना, तबल्यावर नितीन मित्ता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तबला इथे फोडणीपुरता नाहीये.” अगदी खरं. तिघंही आपापल्या बोलीत बोलतात आणि एकमेकांचं ऐकतात. अय्यरांचा डावा हात तर तिथे कितीदा मागे सरून जागा करून देतो! थेलोनियस मंक आणि अँड्र्यू हिल या जुन्या जॅझ पियानोवादकांकडून आलेले ते खडबडीत, खर्जातले कॉर्ड आणि मध्ये सोडलेली मोकळी जागा. माझ्या वाजवण्यात ती जागाच नाही. दर रिकाम्या मात्रेत बोट जातंच.

म्हणून या आठवड्यात डाव्या हाताचे निम्मे स्वर काढून टाकले. मेट्रोनोम 72 वर (मिनिटाला 72 ठोके), फक्त लांब भागाच्या सुरुवातीला एक कॉर्ड, आखूड भागाच्या सुरुवातीला दुसरा, बाकी शांत. तेरा आता सलग चार मिनिटं टिकतात. तेरा-आठमध्ये दुसऱ्या आवर्तनानंतर अजून घसरतो, नेहमी आखूड भागाच्या शेवटी, समेवर लवकर यायच्या घाईत. रविवारी ताई ठेका धरणार आहे. ते जमलं की अय्यरांच्या ‘ब्रेक स्टफ’ अल्बममधला ‘हूड’ काढायचा, डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) रॉबर्ट हूड यांना वाहिलेला. त्यातली उजव्या हाताची ठोक आत्तापासून 60 वर सुरू केलीये.